मेंदूचा नकाशा काढणारे डॉ. वाइल्डर पेनफील्ड

विद्यार्थी मित्रांनो, थोर व्यक्तींची चरित्रे म्हटली की आपल्याला संत, देशभक्त आणि साहित्यिक आठवतात. या वेळी आम्ही एका शल्यविशारदाची ओळख करून देत आहोत. स्पर्श, बोलणे आणि आठवणे ही कामे मेंदूच्या कोणत्या भागात चालतात, याचा नकाशा त्यांनी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मदतीने तयार केला.

वाइल्डर पेनफील्ड यांचा जन्म २६ जानेवारी १८९१ रोजी अमेरिकेतील स्पोकेन या गावी झाला. वडील डॉक्टर होते, पण त्यांचा व्यवसाय नीट चालेना. वाइल्डर आठ वर्षांचे असताना आई मुलांना घेऊन हडसन या गावी आपल्या माहेरी आली. ते तेरा वर्षांचे असताना आईने त्यांना ऑक्सफर्डच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीविषयी सांगितले. अभ्यास आणि खेळ दोन्हींत चमकणाऱ्या मुलांना ती मिळत असे. तेव्हापासून त्यांनी पुस्तक आणि मैदान दोन्ही धरून ठेवले. प्रिन्स्टनला ते फुटबॉल खेळले आणि पुढे शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला गेले. तेथे शेरिंग्टन या थोर शास्त्रज्ञांनी त्यांना मज्जासंस्थेची गोडी लावली. पहिले महायुद्ध चालू होते. मार्च १९१६ मध्ये त्यांच्या ‘ससेक्स’ या बोटीवर जर्मन पाणतीर आदळला. पायाला मोठी जखम झाली, पण जीव वाचला.

१९२८ साली ते कॅनडातील माँट्रियल शहरी आले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्यापुढे सर्वांत कठीण परीक्षा उभी राहिली. त्यांची थोरली बहीण रूथ हिला लहानपणापासून फिट येत असे. तपासणीत मेंदूत गाठ असल्याचे कळले. शस्त्रक्रिया पेनफील्ड यांनी स्वतः केली आणि कपाळामागचा उजव्या बाजूचा बराच भाग काढला, पण सगळी गाठ निघू शकली नाही. रूथ घरी परतली. तिचे बोलणे, हसणे, माणसांशी वागणे पूर्वीसारखेच होते. वर्षभराने पेनफील्ड तिच्याकडे जेवायला गेले. स्वयंपाकघरात सामान सगळे होते, पण आधी काय करावे आणि नंतर काय, हे तिला जुळवता येईना. ती गोंधळून गेली होती. योजना आखण्याचे काम मेंदूच्या पुढच्या भागाशी किती जोडलेले आहे, हे त्यांना सख्ख्या बहिणीच्या स्वयंपाकघरात दिसले. १९३१ मध्ये रूथ वारली.

डॉक्टरांनी एकेकट्याने झगडून मेंदूचे कोडे सुटणार नाही, शल्यविशारद, शास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एका छपराखाली हवेत, असे त्यांचे ठाम मत होते. त्यातूनच रॉकफेलर प्रतिष्ठानच्या देणगीने १९३४ साली मॅक्‌गिल विद्यापीठात माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९६० पर्यंत ते तिचे संचालक होते.

अपस्माराच्या ज्या रुग्णांना औषधांचा गुण येत नसे, त्यांच्यावर तेथे शस्त्रक्रिया होत. मित्रांनो, एक नवल ऐका. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. त्यामुळे फक्त डोक्याची त्वचा बधिर करून, रुग्ण जागा असताना शस्त्रक्रिया करता येते. पेनफील्ड विजेची बारीक तार मेंदूला टेकवत आणि रुग्णाला काय जाणवते ते विचारत. एका जागी टेकवली की अंगठ्याला मुंग्या येत, दुसऱ्या जागी ओठाला. प्रत्येक जागेवर आकड्याची चिमुकली चिठ्ठी ठेवली जाई. अशा नोंदींतून १९३७ साली शरीराचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात हात, ओठ आणि जीभ यांना भली मोठी जागा आहे, पाठीला मात्र थोडीशी. जेथे बारीक काम, तेथे मेंदूचा वाटा मोठा.

भाषेची जागा सांभाळणे फार महत्त्वाचे, कारण चुकीचा भाग कापला तर माणूस बरा होऊनही मुका व्हायचा. म्हणून रुग्णाला चित्रे दाखवत. विजेचा स्पर्श चालू असताना एका रुग्णाला पावलाचे चित्र दाखवले. त्याला नाव सुचेना, पण जोड्यात घालतात ते, एवढे सांगता आले. म्हणजे वस्तू ओळखणे आणि तिचे नाव सापडणे ही दोन वेगळी कामे आहेत!

कानशिलाजवळच्या भागाला स्पर्श होताच काही रुग्णांना जुने प्रसंग दिसत, गाणी ऐकू येत. अशा ५२० रुग्णांपैकी ४० जणांना हा अनुभव आला. सगळे आयुष्य मेंदूत जसेच्या तसे मुद्रित असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो पुढे टिकला नाही. आठवण दर वेळी थोडी नव्याने घडते, असे आज मानतात. त्यांच्या दोन रुग्णांची नवी आठवण साठवण्याची शक्ती मात्र शस्त्रक्रियेनंतर नाहीशी झाली. त्यांच्या सहकारी ब्रेंडा मिल्नर यांनी या रुग्णांचा अभ्यास केला आणि हिप्पोकॅम्पस या भागाचे महत्त्व पुढे आले.

आता पालकांसाठी थोडेसे. आपल्या मुलांच्या कानावर घरी मराठी, ओट्यावर गुजराती आणि वर्गात हिंदी-इंग्रजी पडते. इंग्रजी सुधारावी म्हणून घरातली मराठी बंद करावी का, असा प्रश्न पालकसभेत निघतो. पेनफील्ड यांचे मत होते की लहान वयात मेंदू भाषेला फार अनुकूल असतो आणि मूल एकाहून अधिक भाषा सहज उचलते. आपल्या धाकट्या मुलांना त्यांनी घरी जर्मन बोलणारी बाई ठेवली आणि नंतर फ्रेंच बालवाडीत घातले. त्यांनी सांगितलेली वयाची मर्यादा पुढच्या संशोधनात तितकी कडक ठरली नाही, मोठेपणीही भाषा शिकता येते. पण एक भाषा शिकण्यासाठी दुसरी सोडावी लागत नाही, ही गोष्ट पक्की ठरली. तेव्हा आजीने मराठीत गोष्ट सांगावी आणि मुलाने शेजाऱ्यांशी खुशाल गुजरातीत बोलावे, असे आम्हाला वाटते.

निवृत्तीनंतर पेनफील्ड लेखनात रमले. आत्मचरित्र पूर्ण केल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९७६ रोजी, माँट्रियल येथे त्यांचे निधन झाले. त्यांची संस्था आजही रुग्णसेवा आणि संशोधन करीत आहे.