चेहऱ्यावर चालवलेला संसार

मैत्रिणींनो, खरं सांगते, ब्लीचची डबी नुसती दिसली तरी माझा उजवा गाल अजून चुरचुरतो! नणंदेच्या लग्नाच्या आदल्या रात्री मी घरीच ब्लीच लावलं होतं. क्रीममध्ये पावडर किती टाकायची हे डबीवर लिहिलेलं असतं, पण वाचतंय कोण? जास्त टाकली तर जास्त उजळेल, हे माझं गणित. पंख्याखाली बसले. झोंबायला लागलं तर वाटलं, चला, काम करतंय! दुसऱ्या दिवशी अक्षता टाकताना गालावर रुपयाएवढा लालभडक डाग. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत मी पदर गालाशी धरून उभी आहे.

तेव्हापासून नट्टापट्ट्यावर माझा राग बसला. चूक माझी, राग मात्र क्रीमवर. आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीनं पार्लरसाठी कर्ज मागितलं, तेव्हा हाच राग वर आला. नवऱ्यानं टाकलेली बाई, पदरात दोन लेकरं. पार्लरचा कोर्स झालेला. नखांवरची नक्षी तर ती घरीच शिकली होती. आधी पारदर्शक पॉलिशचा एक हात, तो वाळला की रंग, मग टाचणीच्या डोक्यानं ठिपके आणि काडीनं ओढून त्याच ठिपक्यांची फुलं. गटातल्या बायकांनी नाकं मुरडली. आपल्या हिंगोली जिल्ह्यात हळद काढायच्या, शिजवायच्या दिवसांत बायकांची नखं महिना महिना पिवळी असतात, तिथं कोण येणार नक्षी काढायला? सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. मी म्हटलं, शिलाई मशीन घे, नाहीतर दोन शेळ्या घे, मुलांच्या पोटाचा प्रश्न काय पावडर-लालीनं सुटतो का? कर्जाचा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

त्याच आठवड्यात टीव्हीवर जुना ‘आवारा’ लागला होता. नवऱ्यानं संशयावरून घराबाहेर काढलेली गरोदर बाई, पुढे राज कपूरची आई. ती बघताना सासूबाई सहज बोलून गेल्या की या बाईचा फोटो साबणाच्या जाहिरातीत यायचा. मला पटेना. पांढऱ्या केसांची, रडून रडून डोळे सुजलेली ही आई, आणि साबणाची जाहिरात? मग लीला चिटणीस या नावाविषयी मिळेल ते वाचून काढलं.

लीलाबाई मूळच्या नगरकर. जन्म १९०९ चा, धारवाडचा. वडील इंग्रजीचे प्राध्यापक, त्यामुळे घरात पुस्तकं आणि शिक्षणाची आवड. पण लग्न मात्र लहान वयातच झालं, वयानं बऱ्याच मोठ्या असलेल्या डॉ. गजानन चिटणीसांशी. घर देशभक्तांचं होतं. क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय यांना या पती-पत्नींनी आसरा दिला होता, म्हणजे पोलीस दारात येण्याची टांगती तलवार आलीच. चार मुलगे झाले. पुढे मात्र संसार टिकला नाही, नवरा-बायको वेगळे झाले.

चार मुलं आणि एकटी बाई! तो काळ डोळ्यांपुढे आणा. लीलाबाई बी.ए. झाल्या होत्या. त्यांनी शाळेत मास्तरकी केली. नाटकातही काम केलं, आणि तेही त्या वेळच्या नव्या वळणाच्या ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेत. पण तेवढ्यावर पाच माणसांचं भागणार कसं? म्हणून त्या सिनेमात गेल्या. सुरुवात नायिका म्हणून नाही हं, गर्दीतली एक म्हणून! चांगल्या घरातली, शिकलेली बाई तोंडाला रंग फासून सिनेमात जाते म्हटल्यावर लोक काय म्हणाले असतील, ते सांगायला नको. आमच्या गटातल्या बायका म्हणाल्या तेच. मी म्हणाले तेच.

१९३६ मध्ये मास्टर विनायकांच्या ‘छाया’त त्या नायिका झाल्या. कथा वि. स. खांडेकरांची. १९३७ चा ‘जंटलमन डाकू’ तर मला फारच आवडला, म्हणजे वाचूनच हं, बघायला कुठला मिळणार! त्यात त्यांनी पुरुषी वेष केला होता. त्या चित्रपटाच्या जाहिरातीत महाराष्ट्रातली पडद्यावरची पहिली पदवीधर स्त्री म्हणून त्यांचं नाव झळकलं. ज्या शिक्षणामुळं लोक नावं ठेवत असतील, तेच तिकीटबारीवर कामी आलं.

मग बॉम्बे टॉकीजचा ‘कंगन’ आला, १९३९ मध्ये. देविकाराणीसारख्या नायिकेच्या कंपनीत ही मराठी बाई अशोककुमारसमोर उभी राहिली आणि चित्रपट तुफान चालला. पाठोपाठ ‘बंधन’ आणि ‘झूला’. डोळ्यांनी बोलायचं कसं हे आपण लीलाबाईंकडून शिकलो, असं पुढे अशोककुमारांनी मोकळेपणानं मान्य केलं होतं. एवढ्या मोठ्या नटानं!

आणि १९४१ मध्ये लक्स साबणाची जाहिरात. तोवर लक्सच्या जाहिरातीत परदेशी नट्या असत. पहिला भारतीय चेहरा लीलाबाईंचा. तेव्हा त्या बत्तिशीच्या आसपास होत्या, चार मुलांची आई, नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या. ती जाहिरात बघून साबण घेणाऱ्या किती जणींना हे ठाऊक असेल? तो नितळ चेहरा त्या घराची कमाई होता.

इथं एक मात्र बोलायलाच हवं. अशाच जाहिरातींनी पुढे आपल्याला गोरेपणाचं वेडही लावलं. माझ्या गालावरचा डाग त्याच वेडाचा! लीलाबाईंविषयी कितीही आदर वाटला, तरी हे मी विसरत नाही. पण त्या जागी मी असते आणि घरात चार पोरं जेवायची थांबली असती, तर मी नाही म्हटलं असतं का? छातीठोकपणे नाही सांगता येत.

पुढचा भाग मला सगळ्यात लागला. १९४८ चा ‘शहीद’ आला, त्यात त्या दिलीपकुमारची आई झाल्या. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. कालपर्यंत साबणाच्या जाहिरातीत चमकलेल्या बाईनं केस पांढरे करायचे, सुरकुत्या दाखवायच्या, आपल्याहून बारा-तेरा वर्षांनीच लहान असलेल्या नटाला बाळ म्हणायचं! नट्यांना चाळिशी लपवावी लागते, यांनी म्हातारपण वेळेआधी रंगवून घेतलं. ‘आवारा’, ‘माँ’, ‘नया दौर’, ‘काला बाजार’, ‘गंगा जमना’, ‘गाईड’... सोसणारी, खोकणारी, वाट बघणारी आई म्हणजे लीला चिटणीस, हे समीकरणच झालं. मला विचाराल तर सिनेमावाल्यांनी त्यांना फार रडवलं. ‘जंटलमन डाकू’वाली बाई कुठे हरवली कोण जाणे. पण काम थांबलं नाही, वर्षानुवर्षं चालू राहिलं. मध्येच १९५५ मध्ये ‘आज की बात’ हा चित्रपटही त्यांनी दिग्दर्शित केला. १९८१ मध्ये ‘चंदेरी दुनियेत’ हे आत्मचरित्र आलं. पुढे त्या मुलांकडे अमेरिकेत गेल्या आणि नव्वदी ओलांडल्यावर, १४ जुलै २००३ रोजी, तिकडेच डॅनबरी गावातल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात वारल्या. ज्या चेहऱ्याला सारा देश ओळखायचा, त्याला तिथं शेजारच्या खाटेवरची बाई तरी ओळखत असेल का, असं मनात आलं आणि मी पुस्तक मिटलं.

पुढच्या बैठकीत मी आधी माझे शब्द मागे घेतले. अवघड गेलं, कारण मागच्या वेळी मान डोलावणाऱ्या सगळ्या समोरच होत्या. मग लीलाबाईंची गोष्ट सांगितली. दोघी-तिघींना शेवटपर्यंत पटलं नाही, एकीनं तर सिनेमातल्या बायकांचं इथं कशाला, असं विचारलंही. तरी कर्ज मंजूर झालं. मी एकच अट घातली. ब्लीच असो की केसांचा रंग, आधी गिऱ्हाइकाच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून एक दिवस बघायचं, मगच तोंडाला हात लावायचा. माझा गाल सगळ्यांना माहीत असल्यानं यावर वाद झाला नाही.

तिची पहिली गिऱ्हाइकं कोण असावीत? हळदीच्या कामावरच्या पोरी! लग्नसराईत पिवळी नखं दिसू नयेत म्हणून लाल, मरून रंग लावून घेतात, वर पांढरे ठिपके. परवा तिनं पहिला हप्ता आणून दिला. नोटांना नेलपॉलिश रिमूव्हरचा वास येत होता. मोजल्या, आणि वहीत तिच्या नावापुढे जमा लिहिलं.