ज्ञानकोशकारांची कादंबरी

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ साली रायपूर येथे झाला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट संपादून परतल्यावर त्यांनी भागभांडवल उभारून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. त्यांतील पहिले पाच प्रस्तावनाखंड असून पुढे अकारविल्हे नोंदी येतात. कादंबरीकाराच्या घरी असावा असा हा संदर्भग्रंथ. त्याचे संपादक स्वतःही कादंबरीकार होते. ‘परागंदा’तील परदेशस्थ महाराष्ट्रीय, ‘ब्राह्मणकन्या’तील (१९३०) जात आणि विवाह हे विषय त्याच व्यासंगाशी निगडित आहेत. या कादंबऱ्यांवर समीक्षकांनी घेतलेला रचनाशैथिल्याचा आक्षेप निराधार नाही. कोश विषयाचा आवाका देतो, कथानकाची घडण देत नाही. तथापि मराठी कादंबरीचे अनुभवक्षेत्र केतकरांनी विस्तारले, हे मान्य करावे लागते. आर्थिक विवंचना मात्र १९३७ मधील निधनापर्यंत सुटली नाही.