कोकणच्या समुद्रातल्या प्रवाळांना कान्होजी आंग्रेंचं नाव कसं मिळालं?

मे महिन्यात चारकोपमधले चाकरमानी गावी निघाले आणि मालवणला पोचले की स्कुबा ठरलेलंच. गाईड हात धरून खाली नेतो, खडकावरचे प्रवाळ, पट्टेरी मासे दाखवतो आणि थोड्या वेळात वर आणतो. पण प्रवाळांचा खरा खजिना तिथून साधारण शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात आहे. त्याचं नाव आंग्रिया बँक. ही बँक पैशांची नाही, पाण्याखालचं पठार आहे. आणि आंग्रिया म्हणजे आपले सरखेल कान्होजी आंग्रे. इंग्रज त्यांचं आडनाव असंच लिहायचे.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. वडील तुकोजी मराठ्यांच्या आरमारात होते. १६९८ ला कान्होजी सरखेल झाले. शाहू-ताराबाई वादात ते आधी ताराबाईंकडे होते, पुढे बाळाजी विश्वनाथांनी मध्यस्थी करून त्यांना शाहूंकडे आणलं.

त्यांचा नियम सोपा होता: आमच्या किनाऱ्यावरून जायचं तर आमचं दस्तक घ्या. दस्तक नसेल तर जहाज जप्त. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं. पोर्तुगीज तर स्वतःच असे परवाने विकायचे, आणि चारकोप ज्या साष्टी बेटावर आहे, तेही तेव्हा त्यांच्याच ताब्यात होतं! १७१२ मध्ये कान्होजींनी मुंबईच्या गव्हर्नरची बोटच पकडली. १७२१ ला इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, १७२४ ला डच विजयदुर्गावर. सगळे हात हलवत परत गेले.

हे जमलं कसं? वारा पडला की परक्यांची मोठी जहाजं जागच्या जागी थांबायची. आंग्रेंची गलबतं वल्ह्यांवर चालायची, मोठ्या गुराबांना ओढून न्यायची आणि उथळ तळामुळे खाडीत सहज शिरायची.

४ जुलै १७२९ ला कान्होजी गेले. त्यांची समाधी अलिबागला आहे. १७५६ मध्ये विजयदुर्गात आंग्रेंचं आरमार जळालं. ते जाळणाऱ्या इंग्रजांच्या सोबत पेशवेच होते, हे जास्त बोचतं.

आंग्रिया बँकेचा सगळ्यात उथळ भागही सुमारे २० मीटर खोल आहे. जवळपास जमीन नाही, त्यामुळे नवख्यांनी तिथे उतरू नये. नद्यांचा गाळ इतक्या लांब पोचत नाही, पाणी नितळ राहतं, ऊन खोलवर जातं, म्हणून तिथे प्रवाळ टिकलेत. त्यांच्या आधाराने रंगीत मासे आहेत, शार्कही आहेत. धोका आहे तो मासेमारीच्या जाळ्यांचा आणि नांगरांचा. देशाची सागरी हद्द १२ सागरी मैलांवर संपते आणि ही बँक त्याच्या कितीतरी पलीकडे, अनन्य आर्थिक क्षेत्रात येते. त्यामुळे तिला संरक्षण द्यायचं तर ते महाराष्ट्राच्या नाही, केंद्राच्या हातात आहे.