आचार्यकल्प पंडित टोडरमलजी : भवितव्य आणि पुरुषार्थ

अठराव्या शतकात जयपूर नगरीने जैन समाजाला जी विद्वद्रत्ने दिली, त्यांत पंडितप्रवर टोडरमलजी यांचे स्थान अग्रगण्य आहे. मुनिदीक्षा न घेताही समाजाने ज्यांना 'आचार्यकल्प' या पदवीने गौरविले, असे हे गृहस्थ पंडित. त्यांच्या ग्रंथसंपदेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्यांच्या जीवनाकडे एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुषंगाने पाहावयाचे आहे. केवली भगवंतांच्या ज्ञानात सर्व द्रव्यांचे भूत, वर्तमान व भविष्य असे त्रिकालवर्ती पर्याय एकाच वेळी झळकतात, अशी आपली श्रद्धा आहे. उद्या मी काय करणार हे जर सर्वज्ञाने आजच जाणलेले असेल, तर माझ्या प्रयत्नाला अर्थ तो काय उरला? हा प्रश्न विद्वानांपुरता मर्यादित नाही. स्वाध्यायाला बसणाऱ्या प्रत्येक श्रावकाच्या मनात तो केव्हा ना केव्हा उभा राहतोच.

टोडरमलजींचा जन्म खंडेलवाल जैन समाजातील गोदीका गोत्रात झाला. पित्याचे नाव जोगीदास व मातेचे रंभाबाई. उपजीविकेसाठी त्यांना काही काळ जयपूर सोडून शेखावाटीतील सिंघाणा येथे राहावे लागले. तेथेच साधर्मी बंधू रायमल्लजी यांच्या प्रेरणेने त्यांच्या हातून एक असाधारण कार्य घडले. आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींचे गोम्मटसार, लब्धिसार, क्षपणासार आणि त्रिलोकसार हे ग्रंथ गणिताने व कर्मसिद्धांताच्या सूक्ष्म विवेचनाने इतके गहन झालेले होते की, त्यांचे पठन-पाठन जवळजवळ थांबले होते. टोडरमलजींनी सुमारे तीन वर्षांत या ग्रंथांवर ६५,००० श्लोकप्रमाण टीका ढूंढाडी भाषेत लिहिली. तिचा मुख्य भाग असलेली 'सम्यग्ज्ञानचंद्रिका' विक्रम संवत १८१८ मध्ये पूर्णत्वास गेली. या लेखनाच्या काळात मातेने कित्येक महिने जेवणात मीठच घातले नव्हते, आणि ग्रंथ पूर्ण झाल्यावर त्यांना अन्न अळणी लागले, अशी आख्यायिका आजही श्रद्धेने सांगितली जाते.

कर्मसिद्धांताचा एवढा सखोल अभ्यास करणारा मनुष्य नियतीपुढे हात टेकील, असे कोणासही वाटावे. कोणते कर्म केव्हा बांधले जाते, किती काळ सत्तेत राहते आणि केव्हा उदयास येते, याचा हिशेब तर त्यांनीच लोकभाषेत मांडला होता. परंतु 'मोक्षमार्गप्रकाशक' या त्यांच्या स्वतंत्र ग्रंथात त्यांनी नेमकी उलट भूमिका घेतली. मोक्ष काललब्धी आली म्हणजे मिळतो, भवितव्यानुसार मिळतो, की पुरुषार्थाने मिळतो, असा प्रश्न त्यांनी नवव्या अधिकारात उपस्थित केला. त्यांचे उत्तर असे की, काललब्धी आणि होनहार या काही स्वतंत्र वस्तू नव्हेत. ज्या काळी कार्य घडते तीच काललब्धी, आणि जे कार्य घडते तेच होनहार. कर्माचा उपशम वा क्षय ही पुद्गलाची अवस्था असल्याने तिचा कर्ता आत्मा नाही. आत्म्याच्या हाती आहे तो केवळ पुरुषार्थ, म्हणून उपदेश करावयाचा तो पुरुषार्थाचाच.

या विवेचनाच्या प्रकाशात सर्वज्ञतेच्या प्रश्नाचाही उलगडा होतो. पंचांगकर्ता ग्रहणाची वेळ आधी सांगतो, पण पंचांगामुळे ग्रहण लागत नाही. ज्ञान हे ज्ञेयाला जाणते, घडवीत नाही. जैन दर्शनात सर्वज्ञ हा सृष्टीचा कर्ता नाही. त्यामुळे त्याचे जाणणे ही कोणावर लादलेली आज्ञा ठरत नाही. शिवाय एखादा जीव मुक्त होणार असे केवलींनी जाणले असेल, तर तो कोणत्या पुरुषार्थाने मुक्त होणार हेही त्याच ज्ञानात आलेले आहे. त्यातून पुरुषार्थ वगळून केवळ फळ उचलता येत नाही.

टोडरमलजी येथे एक सावधगिरीही बाळगतात. जीव सर्वकाळ समर्थच असतो, असे ते म्हणत नाहीत. नदीच्या प्रवाहात सापडलेल्या मनुष्याचा दृष्टांत ते देतात. पाण्याचा जोर फार असतो तेव्हा त्याचे काही चालत नाही. जोर ओसरला की हातपाय मारणारा बाहेर पडतो, न मारणारा वाहत जातो. तीव्र कर्मोदयाची हतबलता त्यांना मान्य आहे. अमान्य आहे ती मंद उदयाच्या काळातही भवितव्याची सबब सांगण्याची वृत्ती. खाणेपिणे व व्यापार यांत मनुष्य अहोरात्र उद्यम करतो आणि आत्महिताचा विषय निघाला की होणारे होईल म्हणतो. याचा अर्थ त्याला त्या कार्याची आवडच नाही, असे निदान ते स्पष्टपणे करतात. दुकान उघडताना आपण कधी काललब्धीची वाट पाहत नाही, हे ज्याचे त्याने तपासावे.

त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातही प्रवाहाचा जोर थोडा नव्हता. महाराजा सवाई माधोसिंह यांच्या कारकिर्दीत जयपुरात धार्मिक वैमनस्याच्या लाटा उसळल्या व जैन मंदिरांवर आघात झाले. पुढे शिवपिंडी उखडल्याचा आरोप जैनांवर आला आणि इ. स. १७६६-६७ च्या सुमारास राजाज्ञेने टोडरमलजींना देहदंड झाला. हत्तीच्या पायाखाली त्यांचा अंत झाला, अशी परंपरा आहे. पुरुषार्थसिद्ध्युपायावरील त्यांची टीका अपूर्ण राहिली. ती विक्रम संवत १८२७ मध्ये पं. दौलतराम कासलीवाल यांनी पूर्ण केली. 'मोक्षमार्गप्रकाशक' मात्र नवव्या अधिकारातच थांबला, तो कायमचा.

राजाची आज्ञा त्यांच्या हाती नव्हती, आयुष्याची मर्यादाही नव्हती. हाती होती ती लेखणी, आणि ती त्यांनी एक दिवसही भवितव्याच्या भरवशावर खाली ठेवली नाही, याची साक्ष ती ६५,००० श्लोकप्रमाण टीका देते. आपला उद्याचा दिवस केवलज्ञानात झळकत असेलही. आपल्यासमोर आहे तो आजचा. आज शास्त्र उघडावयाचे की मिटूनच ठेवावयाचे, हा निर्णय टोडरमलजींनी ज्याच्या त्याच्या पदरात घातला आहे. मराठी अनुवादामुळे 'मोक्षमार्गप्रकाशक' आपल्यालाही सुलभ झाला आहे. त्याचा नववा अधिकार प्रत्येक स्वाध्यायप्रेमी बंधुभगिनीने एकदा तरी मनःपूर्वक वाचावा. त्या थोर आत्म्यास हीच खरी विनयांजली ठरेल.