रखवालदाराचे घर : उमाजी नाईक

रात्री उशिराच्या गाडीने मुकुंदवाडी स्टेशनवर उतरून घराकडे चालू लागले की कुठल्यातरी बंद शटरपाशी काठी आपटल्याचा आवाज येतो. रखवालदार जागा असतो. त्याच्या भरवशावर आपण सारे झोपतो. त्याच्या घरी त्या वेळी कोण जागे असेल, हा विचार मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. मुकुंदवाडी हे पूर्वी वेगळे गाव होते. पुढे सिडको आली, चिकलठाण्याला कारखाने आले, शेतांवर वसाहती उठल्या. गाव शहरात मिसळले, पण रखवालदार राहिलाच. ही काठी ऐकताना मला दर वेळी उमाजी नाईक आठवतो. तोही मूळचा रखवालदारच होता.

उमाजीविषयी आपण दोनच शब्द ऐकलेले असतात. कंपनी सरकारच्या दप्तरात तो दरोडेखोरांच्या टोळीचा म्होरक्या आहे. आपल्या आजच्या व्याख्यानांत तो आद्य क्रांतिवीर आहे. दोन्ही शब्द उच्चारले की माणूस जरा दूर जातो. या दोहोंच्या मध्ये बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी असलेला एक गृहस्थ उभा आहे. प्रस्तुत लेखात त्या गृहस्थाकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

उमाजीचा जन्म ७ सप्टेंबर १७९१ रोजी पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, भिवडी या गावी झाला. वडील दादोजी खोमणे, आई लक्ष्मीबाई. जात रामोशी. घराण्याकडे पुरंदर किल्ल्याच्या बंदोबस्ताचे काम पिढ्यान् पिढ्या चालत आलेले होते.

रामोशांची रखवाली म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढची कथा कळत नाही. गावात चोरी झाली की रामोशाने माग काढायचा. मातीत उमटलेले पाऊल पाहून चोर कोणत्या वाटेने गेला हे ओळखायचे आणि माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचवायचा. शीव ओलांडली की पुढची जबाबदारी त्या गावाच्या रखवालदाराची. माग मध्येच हरवला तर चोरीची भरपाई रखवालदाराच्या अंगावर येई. या जोखमीच्या मोबदल्यात त्याला जमीन मिळे, सुगीला खळ्यावरचे धान्य मिळे, गावाच्या मानापानात जागा मिळे. हे वतन होते. ते एका माणसाला मिळालेले नसून घराला मिळालेले असे. बाप गेला की मुलगा त्याच पायवाटेवर उभा राही. भावांचे, चुलत्यांचे, पुतण्यांचे पोट त्यावर चाले. थोडक्यात, रामोशाची नोकरी आणि रामोशाचे घर या दोन निराळ्या गोष्टी नव्हत्या.

हे घर मोडायला सुरुवात झाली ती दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत. पुरंदरचा बंदोबस्त रामोशांकडून काढून घेण्यात आला. वतनांवर टाच आली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कंपनीचे राज्य आले. नव्या सरकारला किल्ल्यांची गरज नव्हती. किल्ल्यांवर जगणाऱ्या माणसांची तर त्याहून नव्हती. गडावरचा शिबंदीचा माणूस एका हुकमाने रिकामा झाला. त्यात १८२४-२५ च्या सुमारास पावसानेही पाठ फिरवली. डोंगराच्या वाटा, खिंडी आणि चोरांच्या युक्त्या पिढ्यान् पिढ्या ओळखणारी शेकडो माणसे बेकार झाली. अशा माणसांनी त्या वाटांवर दुसऱ्या कामासाठी उतरावे, यात नवल ते काय?

उमाजीचे वडील तो लहान असतानाच वारले होते. तरुण वयात तो दरोड्याच्या गुन्ह्यात पकडला गेला आणि सुमारे वर्षभर तुरुंगात राहिला. त्या कैदेत तो लिहायला-वाचायला शिकला, असे त्याच्या चरित्रात सांगितले जाते. आपण महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे जाहीरनामे काढून सरकारशी बोलणारा उमाजी घडला, त्यात या अक्षरओळखीचा वाटा असणारच.

१८२४ मध्ये संतू नाइकाच्या टोळीने पुण्याजवळच्या भांबुर्ड्याचा, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचा, सरकारी खजिना लुटला. उमाजी त्यात होता. संतूच्या मृत्यूनंतर नाईकपण उमाजीकडे आले. भाऊ कृष्णा आणि अमृता त्याच्याबरोबर होते. टोळीत येणारा जेजुरीच्या खंडोबाची बेलभंडाराची शपथ घेई. भाऊबंद आणि सोयरेधायरे एकत्र आले की जशी माणसे जमतात, तशीच ही टोळी जमली होती. म्हणून घर आणि टोळी यांपैकी एक निवडण्याचा प्रश्न उमाजीपुढे आपल्याला वाटतो तसा सरळ नव्हता. टोळी सोडायची तर भावांना सोडायचे. टोळीत राहायचे तर बायकामुलांना उघड्यावर टाकायचे.

या टोळीचे हात स्वच्छ होते, असे म्हणण्यात अर्थ नाही. सावकारांचे वाडे लुटले गेले, वाटसरूंच्या वाटा बंद झाल्या, गावांकडून पैसा वसूल केला गेला. मारल्या गेलेल्या सरकारी शिपायांची मुंडकी कापून मामलेदाराकडे पाठवल्याची हकीकत सांगितली जाते. त्या शिपायांनाही घरे होती. उमाजीला डोक्यावर घेताना आपण हे पान चटकन उलटतो. ते उलटू नये. त्याबरोबरच हेही खरे की लोकांनी त्याला वर्षानुवर्षे लपवले आणि त्याला राजा म्हटले. सासवड, जेजुरी, भोर या डोंगरपट्ट्यात एवढे दिवस पकडले न जाणे हे केवळ भीतीच्या बळावर होत नाही.

सरकारने इनाम लावले. १८२६ मधल्या पहिल्या जाहीरनाम्यात आकडा शंभर रुपयांचा होता. तो बाराशेवर गेला, पाच हजारांवर गेला. घोडेस्वार आले, चौक्या बसल्या. उमाजी सापडेना. तेव्हा सरकारने डोंगराकडे पाठ फिरवून घराकडे मोर्चा वळवला. उमाजीची बायको, दोन मुलगे आणि मुलगी यांना कैद करण्यात आले.

माझ्या मते उमाजीच्या आयुष्यातला हा खरा प्रसंग आहे. लढाईत मरण्याची तयारी टोळीतल्या प्रत्येकाची असते. त्यासाठीच तो बेलभंडार उचलतो. पण पोरांनी कोणती शपथ घेतलेली होती? हजारो रुपयांचे इनाम आणि घोडेस्वारांच्या तुकड्या यांनी जे साधले नाही, ते चार निरपराध माणसांच्या कैदेने साधले. उमाजीने नमते घेतले. सरकारनेही शहाणपण दाखवले. त्याचे गुन्हे माफ केले आणि १८२८ च्या सुमारास त्याला आपल्याच नोकरीत घेतले. काम कोणते? ज्या मुलखात त्याने दरोडे घातले, त्याच मुलखाचा बंदोबस्त. हीच युक्ती त्या काळी कंपनीने इतरत्रही वापरली होती. आपल्या उत्तरेला सातमाळ्याच्या पलीकडे, खानदेशात, जेम्स औट्रमने १८२५ मध्ये भिल्लांचीच पलटण उभारून भिल्लांचे बंड आवरायला सुरुवात केली होती.

वरवर पाहता उमाजीचे सारे काही परत आले होते. बायकामुले सुटली, डोक्यावरचे इनाम उतरले, हातात रखवालीचे काम आले. इथे कथा संपायला हरकत नव्हती. आपल्यापैकी बहुतेकांनी तरी ती इथेच संपवली असती.

मग तो पुन्हा डोंगरात का गेला? सरकारी बाजूचे लोक म्हणतात की स्वभाव गेला नाही. नोकरीच्या आडून त्याने माणसे जमवली आणि वसुली चालू ठेवली. माणसे त्याने जमवली, हे खरेच आहे. परंतु आणखी एक कारण मला दिसते. सरकारने त्याला पगार दिला. वतन दिले नाही. पगार एका उमाजीचा होता. ज्यांच्या जिवावर तो नाईक झाला होता, त्या घरांच्या चुली अजून थंडच होत्या. सरकारला वाटले की माणसाला त्याचे घर परत दिले की तो शांत होतो. उमाजीच्या हिशेबात मात्र घर म्हणजे चार माणसे एवढेच नव्हते. सरकारलाही त्याचा संशय येऊ लागला होता. त्याला अटक झाली आणि १८३० च्या अखेरीस तो निसटून पुन्हा डोंगरात शिरला. घरच्यांवर काय ओढवू शकते हे या खेपेला त्याला पुरते ठाऊक होते, आणि तरीही तो गेला. या निर्णयाला शौर्य म्हणावे की कठोरपणा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

या दुसऱ्या पर्वातला उमाजी निराळा होता. १६ फेब्रुवारी १८३१ रोजी त्याने जाहीरनामा काढला. कंपनीची नोकरी सोडा, सारा भरू नका, सरकारी खजिने लुटा, असा त्याचा आशय होता. आपल्या वतनासाठी भांडणारा रखवालदार आता साऱ्या मुलखाच्या वतीने बोलू लागला होता. १८५७ चा उठाव त्या वेळी अजून सव्वीस वर्षे दूर होता.

सरकारने कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याला त्याच्या मागावर नेमले. इनाम दहा हजार रुपये आणि चारशे बिघे जमीन इतके वाढले. मॅकिंटॉशने घोडेस्वारांपेक्षा टोळीतल्या दुफळीवर भिस्त ठेवली. काळू आणि नाना हे उमाजीचे जुने सोबती फुटले. १५ डिसेंबर १८३१ रोजी भोरजवळच्या उतरोली गावी उमाजी पकडला गेला. माग काढण्यात ज्यांचा हात कोणी धरू शकत नव्हते, त्यांनीच हा शेवटचा माग काढून दिला. पुण्यात खटला चालला. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीत त्याला फाशी देण्यात आले. दहशत बसावी म्हणून त्याचे प्रेत तीन दिवस पिंपळाच्या झाडाला टांगून ठेवले होते, असे सांगतात. त्याचे वय अवघे चाळीस वर्षांचे होते.

एक विलक्षण गोष्ट अशी की उमाजीचे पहिले चरित्र त्याला पकडणाऱ्यानेच लिहिले. मॅकिंटॉशचे रामोशांवरील इंग्रजी पुस्तक १८३३ मध्ये, म्हणजे फाशीनंतर वर्षभरात, प्रसिद्ध झाले. त्यात रामोशांच्या चालीरीती, त्यांच्या सांकेतिक बोलीतले शब्द आणि उमाजीची हकीकत आहे. शत्रूने लिहिलेले असल्याने ते जपून वाचले पाहिजे. पण शत्रूलाही त्याच्यावर लिहावेसे वाटले, याचीही नोंद घेतली पाहिजे. उमाजीच्या घरातल्या बाईने काय सोसले, हे मात्र कोणीच लिहिले नाही. कैदेत गेलेली, सुटलेली आणि शेवटी विधवा झालेली ती बाई या सगळ्या कागदपत्रांत उमाजीची बायको एवढीच आहे.

उमाजी गेल्यावर प्रश्न मिटला नाही. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी बंड उभारले, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते रामोशीच. पुढे इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पहिला कायदा १८७१ चा. नंतर त्याची व्याप्ती देशभर वाढली. त्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. उमाजीची पोरे धरताना जी युक्ती एका घरापुरती वापरली होती, तिचाच हा विस्तार नव्हे काय? बापावर आळ, म्हणून मुलाने हजेरी द्यायची. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात विमुक्त जातींची जी यादी आहे, तीत रामोशी आहेत. त्या यादीतल्या जातींची मुले-मुली आज आपल्याबरोबर वर्गात बसतात. प्रवेशाच्या अर्जावरील त्या रकान्याकडे आपण सवलतीचा रकाना म्हणून पाहतो. त्या रकान्यामागे किती घरांनी किती वर्षे हजेरी दिली, हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते.

उमाजीचे पुतळे उभे राहिले, जयंत्या साजऱ्या होतात, हे योग्यच आहे. पण पुण्याला गेलात तर खडकमाळ आळीत जरूर जा, आणि तिथे हात जोडताना भिवडीच्या त्या घराचीही आठवण ठेवा. मी मात्र तूर्तास एवढेच ठरवले आहे : रात्री स्टेशनवरून येताना जो रखवालदार काठी आपटत असतो, त्याला आजवर मी कधी नाव विचारलेले नाही. या खेपेला विचारीन, आणि घरी कोण कोण आहे, तेही विचारीन.