शरीराला चकवा लावणारा प्लेग आणि परळचा हाफकिन

पोलादपूर-महाडकडच्या माणसाला मोठं दुखणं निघालं आणि मुंबई गाठायची वेळ आली, की मुक्काम बहुतेक वेळा परळला पडतो. केईएम नाहीतर टाटा. केसपेपर काढायचा, रांगेत उभं राहायचं, मधेच बाहेर येऊन चहा प्यायचा. त्याच आचार्य दोंदे मार्गावर एक जुनी, भलीमोठी इमारत आहे. फाटकावर नाव आहे हाफकिन. एखाद्या औषध कंपनीचं नाव असेल असं समजून माणूस पुढे निघून जातो.

तर हाफकिन हा माणूस होता. वाल्डेमार हाफकिन.

जन्म १८६० चा, ओडेसाचा. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू. तिथल्या विद्यापीठात त्याला गुरू मिळाले इल्या मेचनिकॉव्ह. आपल्या रक्तातल्या काही पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना चक्क गिळून टाकतात, हे जगाला दाखवून देणारे हेच ते मेचनिकॉव्ह. त्यासाठी १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गुरूने शरीराचे पहारेकरी शोधले आणि चेल्याच्या वाट्याला आला तो नेमका या पहारेकऱ्यांना गुंगारा देणारा जंतू.

पण ते पुढे. तरुणपणी हाफकिन ज्यू वस्त्यांवरच्या हल्ल्यांना तोंड द्यायला उभा राहिला आणि तुरुंगात गेला. धर्म बदलायला तयार नसल्यामुळे विद्यापीठात बढतीची वाट बंद झाली. १८८८ मध्ये त्याने देश सोडला. पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम मिळालं, तेही सुरुवातीला ग्रंथालयातलं. तिथेच त्याने कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये सगळ्यात आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये तो कलकत्त्याला आला आणि वस्त्या-वस्त्यांतून लोकांना लस टोचत फिरला.

आणि मग १८९६ चा सप्टेंबर उजाडला. मुंबईच्या मांडवी भागात लोक तापाने फणफणत होते. जांघेत, काखेत गाठी येत होत्या. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखलं की हा प्लेग आहे. शहर रिकामं व्हायला लागलं. गिरण्यांतली, गोदीतली कोकणातली माणसं गाठोडी बांधून गावाकडे निघाली. सरकारने हाफकिनला मुंबईला बोलावलं.

ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्याला मिळालं काय, तर एक खोली आणि तिच्यापुढचा व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि मोजके शिपाई.

आता थोडं या जंतूबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे.

कोकणात चकवा लागणं म्हणतात. माणूस रानात त्याच त्या जागी गोल फिरत राहतो, वाट काही सापडत नाही. प्लेगचा जंतू आपल्या शरीराला असाच चकवा लावतो. पिसवाच्या पोटात तो साधाच असतो. पिसू चावली की तो आपल्या अंगात येतो. तिथे ३७ अंशांची ऊब लागली की त्याला कळतं, आपण माणसात आलो. मग तो वेश बदलायला घेतो.

सुरुवातीला काही जंतू पांढऱ्या पेशी गिळतातही. पण त्यातल्या एका जातीच्या पेशीच्या पोटात जंतू मरत नाही, उलट तिथे बसून तयारी करतो. त्या पेशींच्या आडोशाने तो जवळच्या गाठीपर्यंत पोचतो. जांघेत गाठ येते ती यामुळे. म्हणजे पहारेकरीच चोराला आत घेऊन आला.

तिथून तो बाहेर पडतो तेव्हा अंगावर प्रथिनाचं बुळबुळीत आवरण असतं. अंगाला तेल लावलेला चोर जसा हाती लागत नाही, तसा तो पेशींच्या तावडीत सापडत नाही. एखादी पेशी फारच जवळ आली तर सुईसारख्या नळीतून तिच्यात अशी प्रथिनं सोडतो की तिचे हातपायच गळतात. शिवाय अंगावरच्या ज्या चरबीमुळे शरीराला धोक्याची घंटा ऐकू येते, त्या चरबीची रचनाही तो बदलतो. घंटा वाजतच नाही.

यातल्या बहुतेक गोष्टी हाफकिनच्या नंतर कितीतरी वर्षांनी उलगडल्या. त्याला एवढं दिसत होतं, की शरीर जागं होईपर्यंत रोगी संपलेला असतो. शरीराला नव्या जंतूविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडं बनवायला आठवडा-दोन आठवडे लागतात. प्लेग त्याआधीच काम आटोपतो. मग हा वेळ शरीराला आधीच मिळवून दिला तर? मेलेला जंतू अंगात सोडायचा, शरीराला त्याची ओळख करून द्यायची. खरा आला की प्रतिपिंडं त्याच्या बुळबुळीत अंगाला चिकटतात आणि पांढऱ्या पेशींना पकड मिळते.

हाफकिनने मांसाच्या रसात तूप घालून जंतू वाढवले. तुपाच्या थेंबांना धरून ते खाली लोंबत वाढायचे. मग उष्णता देऊन ते मारले. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ही लस स्वतःला टोचून घेतली, तीही इतरांना द्यायच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त. ताप आला, अंग दुखलं, तो बरा झाला.

याच्या बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की चुटपूट लागते.

जानेवारीच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या साधारण निम्म्या कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली. टोचायच्या आधीच ज्यांच्या अंगात रोग होता ते सोडले, तर लस घेतलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला आणि दोघेही वाचले. न घेतलेल्यांत बारा आजारी पडले, सहा दगावले. लस पक्की नव्हती, पण फरक उघड होता. अफवाही भरपूर होत्या. तेव्हा आगाखानांनी लोकांसमोर स्वतःला टोचून घेतलं आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर हाऊसमध्ये आली. हीच ती केईएमशेजारची इमारत.

आणि मग घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मुल्कोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले.

धनुर्वाताचा जंतू आणखी वेगळा. तो जखमेतल्या हवाबंद कोपऱ्यात बसून नुसतं विष सोडतो. हे विष इतकं जहाल की जीव घ्यायला पुरेल एवढं विषही शरीराला ओळख पटायला कमी पडतं. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस द्यावीच लागते.

ठपका हाफकिनवर आला. त्याला बाजूला करण्यात आलं. खरं तर गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. पुरावा कागदावर असूनही हे मान्य व्हायला पाच वर्षं गेली. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये त्याची बाजू मांडली, तेव्हा कुठे १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला. तो भारतात परत आला, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्याला पुन्हा मिळाली नाही.

तिथून लस मात्र जातच राहिली. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या. १९२५ मध्ये त्या संस्थेला हाफकिनचं नाव दिलं गेलं. तोवर तो कधीच युरोपात परतला होता. लग्न त्याने केलं नाही. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला तो वारला.