आठ कलांचा फरक

साडेसाती हा शब्द आपल्या घरातल्या मुलांनीही ऐकलेला असतो. कुणाच्या घरी वाईट दिवस आले की आजी-आजोबा तो हमखास काढतात. पण ती साडेसातच वर्षे का, पाच किंवा नऊ का नाहीत, असे एखाद्या मुलाने विचारले तर? उत्तर गणितात आहे. सर्व ग्रहांना एकाच हिशेबात बसवणाऱ्या योहान्नेस केप्लरची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत. मुलांनो, कागद-पेन्सिल जवळ असू द्या.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी जर्मनीतील वाइल डेर श्टाट या लहानशा गावी झाला. बाप भाडोत्री शिपाई. तो सारखा लढायांवर जाई, आणि शेवटी गेला तो परतलाच नाही. मुलाला लहानपणी देवी आल्या. जीव वाचला, पण नजर कायमची अधू झाली. १५७७ साली आकाशात मोठा धूमकेतू दिसला, तेव्हा आई कॅथरिना त्याला हाताला धरून उंचावर घेऊन गेली आणि तिने तो दाखवला. त्याला तेव्हा सहावे वर्ष चालू होते. ज्याला एका चांदणीच्या जागी अनेक दिसत, त्या मुलाने आकाशाचाच ध्यास घेतला. डोळ्यांनी साथ दिली नाही, ती गणिताने दिली.

ट्युबिंगनच्या विद्यापीठात तो शिकला आणि १५९४ साली ग्राझ शहरात गणिताचा शिक्षक झाला. नोकरीत दरवर्षी पंचांग तयार करण्याचे कामही होते. पहिल्याच पंचांगात त्याने कडाक्याची थंडी आणि तुर्कांची स्वारी वर्तवली, दोन्ही खरी ठरली आणि गावात त्याचे वजन वाढले! पोटासाठी त्याने पुढेही पत्रिका मांडल्या, पण मन रमले ते ग्रहांच्या हिशेबात. धर्माच्या भांडणात १६०० साली ग्राझ सोडावे लागले. तो प्रागला टायको ब्राहेकडे गेला. दुर्बीण निघण्यापूर्वीच्या त्या काळात टायकोइतकी अचूक ग्रहांची मोजमापे कोणाकडेच नव्हती. पुढच्याच वर्षी टायको वारला आणि ते मोजमापांचे भांडार केप्लरच्या हाती आले.

मंगळ त्याला सर्वांत अवघड गेला. ग्रह वर्तुळातच फिरतात, असे सारे विद्वान दोन हजार वर्षे मानत आले होते. केप्लरने तसेच गणित मांडले, वर्षानुवर्षे आकडेमोड केली, आणि उत्तर जवळजवळ जमलेही. फरक उरला तो आठ कलांचा. एका अंशाच्या साठ कला होतात. पौर्णिमेचे चंद्रबिंब सुमारे एकतीस कला रुंद दिसते. म्हणजे चूक चंद्राच्या पावभर रुंदीची! दुसरा कोणी असता तर त्याने तेवढी सोडून दिली असती. आम्ही तर नक्कीच सोडली असती. केप्लरने आपले सगळे गणित सोडले, कारण टायकोच्या मोजणीत एवढी चूक असणार नाही याची त्याला खात्री होती. नव्याने सुरुवात करून तो लंबवर्तुळावर पोहोचला. दोन टाचण्या रोवा, त्यांभोवती दोऱ्याचा सैल फास टाका आणि पेन्सिलीने तो ताणून फिरवा, म्हणजे लंबवर्तुळ तुमच्या कागदावर उमटेल. एका टाचणीच्या जागी सूर्य. दुसरी जागा रिकामी. हा शोध १६०९ साली छापून आला.

सुख मात्र त्याच्या घरी टिकले नाही. १६११ साली बायको गेली आणि एक मुलगाही देवीने गेला. तो लिंझला राहायला गेला. १६१५ साली गावाकडून बातमी आली की आईवर चेटकीण असल्याचा आळ आला आहे. शेजारच्या एका बाईचे म्हणणे होते की कॅथरिनाने दिलेल्या पेयाने ती आजारी पडली. असा आळ सिद्ध झाला तर जिवंत जाळीत. आळ चालूच असताना, १६१८ च्या फेब्रुवारीत त्याची लहान मुलगी वारली आणि मे महिन्यात त्याला आपला तिसरा नियम सापडला.

तो नियम आता तुम्हीच ताडून पाहा. पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर, त्याच्या ५.२ पट दूर गुरू आहे. ५.२ ला ५.२ ने दोनदा गुणा; सुमारे १४०.६ येतात. आता कोणत्या संख्येला तिनेच गुणले की एवढे होतील? बारा बारे एकशे चव्वेचाळीस, म्हणजे बारापेक्षा थोडी कमी. गुरूला सूर्याभोवती फिरायला तेवढीच वर्षे लागतात. राशी बारा, म्हणून एका राशीत साधारण एक वर्ष. आणि म्हणूनच गुरू सिंह राशीत येतो तो नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी भरतो. शनी ९.५४ पट दूर. तसाच गुणाकार केला की ८६८ येतात, आणि साडेएकोणतीसला साडेएकोणतीसने गुणले की ८७०. साडेएकोणतीस वर्षांत बारा राशी, म्हणजे एका राशीत अडीच वर्षे, तीन राशींत साडेसात! आपल्या ज्योतिषांनी ही वर्षे आकाश पाहून फार पूर्वीच मोजली होती. अंतरावरून ती काढता येतात, हे केप्लरने दाखवले.

ऑगस्ट १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या आईला साखळदंडात अडकवून कोठडीत टाकले. केप्लर काम टाकून धावला. साक्षीदारांचे एकेक विधान त्याने मंगळाच्या आकड्यांसारखे तपासले आणि कोणता आजार कशामुळे होऊ शकतो ते लिहून न्यायालयापुढे ठेवले. छळाची हत्यारे दाखवली तरी म्हातारीने खोटी कबुली दिली नाही. चौदा महिन्यांनी ती सुटली आणि १६२२ च्या वसंतात वारली.

१६२७ साली केप्लरने ग्रहांची कोष्टके छापली. राजदरबाराकडे थकलेले पैसे मागायला निघाला असता वाटेत, रेगेन्सबुर्ग येथे १५ नोव्हेंबर १६३० रोजी तो वारला. तिथली त्याची कबरही पुढे युद्धात नष्ट झाली. पुढल्या वर्षी नोव्हेंबरात बुध सूर्यबिंबावरून जाताना दिसेल, असे गणित त्याने करून ठेवले होते. ७ नोव्हेंबर १६३१ रोजी पॅरिसमध्ये गासेंदी या विद्वानाने दुर्बिणीतून सूर्याचे बिंब कागदावर पाडले, आणि एक बारीक काळा ठिपका त्यावरून सरकताना त्याला दिसला.